आंबोण

कुपवाडहून पोरगा आला फटफटीवर,
मागं पाच-पाच किलोची पाकिटं दोरीनं आवळलेली.
रियाज मुलाणी, म्हणाला. चहा नको म्हणाला.
गोठ्याच्या तोंडाशी चप्पल काढली,
तेवढ्यावर मी त्याचं ऐकून घेतलं.

शतावरी, जिवंती, मेथी, बाळंतशेपा,
चिमूटभर हळद, "ती तर आपल्या सांगलीचीच."
पाकिटावर गाय हसत होती.
आमची मोरी हसलेली मी कधी बघितली नाही.
तिसरं वेत. व्याल्यावर चौदा लिटर,
मग बारा, मग साडेनवावर येऊन बसली.
वसगड्याच्या डेअरीतला सचिव
फॅटची चिठ्ठी फाडून देताना असा बघायचा
की पाणी मीच घातलंय.

रियाजनं वही काढली.
खाते किती? रवंथ किती वेळ?
शेण पातळ की घट्ट?
कास गरम लागते? एखादा सड हात लावू देत नाही?
पान्हा सोडते की चोरते?
रात्री बसते की उभीच?

मी सांगत होते, सांगता सांगता थांबले.
"काय झालं, ताई?"
"काय नाही. लिहा. उभी असते."

राजश्रीच्या वेळी मी येळावीला, माहेरी.
शतावरीचा डबा यायचा मेडिकलमधनं,
एवढासा, झाकणाखाली चांदीचा कागद.
बाळाला पुरतंय का, एवढंच विचारायचे सगळे.
रात्री बसते की उभीच,
हे कुणाच्या वहीत नव्हतं.

मूठभर पावडर, दोन्ही वेळा, आंबोणात:
सरकी पेंड, गव्हाचा भुसा, कोमट पाणी.
पहिल्या दिवशी मोरीनं घमेलंच उलटं केलं.
दुसऱ्या दिवशी गुळाचा खडा फोडून घातला,
तेव्हा कुठं जीभ लावली.
मालक भिंतीवर खडूनं लिहायचे:
नऊ-सहा. नऊ-आठ. नऊ-सहा.
उसाचं वाडं संपत आलं होतं, वैरणीची बोंब,
आणि वर हे पाकीट.

आठव्या रात्री दोनला लाईट आली,
मालक मोटार सुरू करायला मळ्यात गेले.
मी बॅटरी घेऊन गोठ्यात.
मोरी दावं ताणून उभी,
नाकानं रिकामी बादली ढकलत होती.
बादली सरकायची, ती पुन्हा ढकलायची.
पाणी आम्ही दिवसातनं दोनदा दाखवत होतो.
दोनदा. बापजाद्यांपासनं.

राजश्री तोंड लावायची
आणि त्याच क्षणाला माझा घसा वाळायचा.
तांब्या खिडकीत. हात पुरायचा नाही.
दिवसभर राबून झोपलेल्या आईला
पाण्यासाठी काय उठवायचं?

निळं पिंप अर्धं कापून पडलेलं होतं,
ते ओढत आणलं, गव्हाणीला टेकवलं, भरलं.
मोरीनं मान घातली ती वर काढलीच नाही.
कानामागची शीर हलताना दिसत होती.
मी शेजारी पेंडीच्या पोत्यावर बसले.
तिचं झाल्यावर तीही बसली.

दहा-दोन. अकरा. अकरा-सात. बारा-चार.
मालक पाकिटाकडं बघून मान डोलवायचे.

महिन्यानं रियाज आला फोटो काढायला:
मी, मोरी आणि मधे पाकीट.
मी पिंपाचं सांगितलं.
त्यानं भिंत वाचली, पिंप बघितलं,
पेनचं टोपण लावलं, काढलं.
"पाण्याचं पाकीट नाही ना ताई आमच्याकडं."
तरी वहीच्या कडेला काहीतरी लिहून घेतलं.
मीही दोन पाकिटं घेतली.
पावडर वाईट नव्हती.
वास तर अगदी त्या डब्यासारखा.

निघताना म्हणाला, "घरी दीड महिन्याचं बाळ आहे,"
आणि किक मारायला उगाच वेळ लावला.
"तांब्या उशाशी ठेव," मी म्हटलं,
"तिच्या हाताला लागेल असा."

त्या दिवशी अकरा-आठच भरलं.
मालक खडू शोधत होते.
राजश्रीच्या दप्तरात निघाला.